'ऑलमोस्ट एव्हरीव्हेअर' म्हणजे नेमकं कुठे?

गणितात एम.एस्सी. करताना 'मेझर थिअरी', म्हणजे मापाचा सिद्धांत, हा विषय सुरू झाला की वहीत 'ए. ई.' ही दोन अक्षरं दिसायला लागतात आणि मग पाठ सोडत नाहीत. बहुतेकदा ती वाक्याच्या अगदी शेवटी येतात: 'एफ इज इक्वल टू जी, ए. ई.' किंवा 'द सिरीज कन्व्हर्जेस, ए. ई.'. हे 'ऑलमोस्ट एव्हरीव्हेअर'चं लघुरूप. संभाव्यतेच्या पुस्तकात हीच कल्पना 'ए. एस.', म्हणजे 'ऑलमोस्ट शुअरली', या नावानं वावरते. जुन्या इंग्रजी पुस्तकांत कधी 'पी. पी.' असंही छापलेलं सापडतं. ते फ्रेंच 'प्रेस्क पार्तू'चं लघुरूप आहे, कारण या कल्पनेचा जन्मच फ्रान्समधला.

शब्दशः पाहिलं तर अर्थ 'जवळजवळ सगळीकडे'. इथेच नवखा वाचक अडखळतो. रोजच्या बोलण्यात 'जवळजवळ' हा हातचं राखून बोलायचा शब्द आहे. काम जवळजवळ झालं, म्हणजे झालेलं नाही. मग ज्या विषयात एका उणे चिन्हानं सगळं उत्तर चुकतं, तिथे हा शब्द चालतो कसा? चालतो, कारण गणितानं त्याला इतकी घट्ट व्याख्या दिली आहे की मीटरभर रेषेवर एखादी गोष्ट ९९.९९९९ टक्के लांबीवर खरी असली, तरी ती 'ऑलमोस्ट एव्हरीव्हेअर' खरी आहे असं म्हणायची परवानगी नाही.

व्याख्या एका ओळीची आहे. एखादा गुणधर्म ज्या ज्या बिंदूंपाशी खोटा ठरतो ते सगळे बिंदू गोळा करा. त्या संचाचं माप शून्य असेल, तर तो गुणधर्म 'ऑलमोस्ट एव्हरीव्हेअर' खरा. सगळा भार 'माप शून्य' या दोन शब्दांवर आहे, म्हणून त्यांच्यापाशी जरा थांबू.

माप म्हणजे रेषेवर लांबी, प्रतलावर क्षेत्रफळ, अवकाशात घनफळ. सरळ रेषाखंडाची लांबी कोणीही सांगेल. पण इकडेतिकडे विखुरलेल्या अनंत बिंदूंच्या संचाची लांबी किती म्हणायची? एमिल बोरेल यांनी या प्रश्नाला हात घातला होता, आणि आँरी लबेग यांनी १९०२ सालच्या आपल्या प्रबंधात त्याला पूर्ण रूप दिलं. शून्य मापापुरती कल्पना अशी: त्या संचावर छोट्या छोट्या पट्ट्या अशा पसरा की संचातला एकही बिंदू उघडा राहणार नाही. पट्ट्या अनंत असल्या तरी चालतील, फक्त त्यांची पहिली, दुसरी, तिसरी अशी यादी करता आली पाहिजे. आता सगळ्या पट्ट्यांच्या लांबीची बेरीज करा. ही बेरीज आपल्याला हवी तितकी लहान करता येत असेल, तर त्या संचाचं माप शून्य.

हे एकदा हातानं करून पाहण्यासारखं आहे. ० ते १ मधल्या सगळ्या परिमेय संख्या, म्हणजे अपूर्णांकाच्या रूपात लिहिता येणाऱ्या संख्या घेऊ. त्या अनंत आहेत, पण त्यांची यादी करता येते: आधी ० आणि १, मग छेद २ असलेली १/२, मग छेद ३ च्या १/३ आणि २/३, मग १/४ आणि ३/४, मग छेद ५ च्या, असं पुढे. कोणतीही परिमेय संख्या घ्या, तिचा नंबर कधी ना कधी लागतोच. आता ० ते १ हे अंतर मीटरभर आहे असं धरा. यादीतल्या पहिल्या संख्येवर अर्धा सेंटीमीटर लांबीची पट्टी ठेवा. दुसरीवर पाव सेंटीमीटर, तिसरीवर एक अष्टमांश, चौथीवर एक षोडशांश. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या निम्मी. अर्धा अधिक पाव अधिक एक अष्टमांश ही बेरीज अनंतापर्यंत नेली तरी ती एक सेंटीमीटर होते. पट्ट्या एकमेकींवर चढल्या असतील, तर त्यांनी व्यापलेली जागा आणखीच कमी.

म्हणजे मीटरभर रेषेवर ज्या संख्या जागोजागी पेरलेल्या आहेत, सुईच्या अग्राएवढ्या जागेतही ज्या अनंत सापडतात, त्या सगळ्याच्या सगळ्या एका सेंटीमीटरभर पट्ट्यांत झाकल्या गेल्या. आणि सेंटीमीटरचंही बंधन नाही. सुरुवात अर्ध्या मिलिमीटरनं केली असती तर बेरीज एक मिलिमीटर झाली असती. अर्ध्या मायक्रॉननं केली असती तर एक मायक्रॉन. बेरीज हवी तितकी खाली नेता येते, म्हणून परिमेय संख्यांचं माप शून्य. हा पुरावा पहिल्यांदा वाचताना मन बंड करतं, आणि करावंच. इतक्या दाट पसरलेल्या संख्यांना लांबीच नाही, हे पटायला वेळ लागतो. पण पट्ट्यांचा हिशेब चोख आहे, त्यात कुठे फट नाही.

यावरून पहिलं खणखणीत वाक्य मिळतं: ० आणि १ मधली 'ऑलमोस्ट एव्हरी' संख्या अपरिमेय आहे. गेओर्ग कँटर यांनी १८७४ मध्ये याहून मोठी मजल मारली होती, तीही लबेगचं माप जन्माला येण्याआधी. पूर्णांक सहगुणक असलेल्या बहुपदी समीकरणांची जी जी उत्तरं येतात, म्हणजे वर्गमूळ दोन, घनमूळ पाच वगैरे, त्या सगळ्या बैजिक संख्यांचीही यादी करता येते, हे त्यांनी दाखवलं. यादी आली की आपल्या पट्ट्या पुन्हा कामाला लागतात: बैजिक संख्यांचं मापही शून्य. जी संख्या अशा कोणत्याच समीकरणाचं उत्तर नसते तिला बीजातीत म्हणतात, आणि 'ऑलमोस्ट एव्हरी' वास्तव संख्या बीजातीत असते.

आता उलट बाजूनं पाहा. एक विशिष्ट संख्या हातात घेऊन ती बीजातीत आहे हे सिद्ध करायला गणितज्ञांना घाम फुटलेला आहे. 'ई' (२.७१८…) या संख्येसाठी ते एर्मीत यांनी १८७३ मध्ये केलं, 'पाय'साठी लिंडेमान यांनी १८८२ मध्ये. 'ई' आणि 'पाय' यांची बेरीज बीजातीत आहे का, हे तर सोडाच, ती अपरिमेय आहे का हेही आज सिद्ध झालेलं नाही. या शब्दाचा स्वभाव इथे उघडा पडतो. सगळ्या गर्दीबद्दल तो प्रचंड ताकदीनं बोलतो, आणि गर्दीतल्या एकाही माणसाची ओळख देत नाही. पुढे कुठेही 'ए. ई.' दिसलं की एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मे घोटाळे टळतात.

उरलेल्या घोटाळ्यांतला एक मोठा म्हणजे 'माप शून्य' याचा अर्थ 'थोडे बिंदू' असा घेणं. कँटरचाच प्रसिद्ध संच पाहा. ० ते १ हा रेषाखंड घ्या आणि मधला तिसरा हिस्सा काढून टाका. उरलेल्या दोन तुकड्यांतून प्रत्येकाचा मधला तिसरा हिस्सा काढा. मग चार तुकड्यांतून, मग आठांतून, असं अखंड चालू ठेवा. दर फेरीला लांबी दोन तृतीयांश होते: दहा फेऱ्यांनंतर सुमारे ०.०१७, वीस फेऱ्यांनंतर सुमारे ०.०००३. शेवटी जे उरतं त्याचं माप शून्य. पण उरलेले बिंदू किती? संपूर्ण रेषाखंडात आहेत तितकेच. त्यांची यादीही करता येत नाही. लांबी आणि संख्या या दोन वेगळ्या मोजण्या आहेत आणि 'ऑलमोस्ट एव्हरीव्हेअर'चा संबंध फक्त पहिलीशी आहे.

माप कोणतं धरलं आहे, यावरही सगळं अवलंबून असतं. पृथ्वीच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ मोजायचं तर विषुववृत्ताची रेषा शून्यात जमा होते. म्हणजे पृथ्वीवरचा 'ऑलमोस्ट एव्हरी' बिंदू विषुववृत्तावर नाही. पण त्याच रेषेची लांबी मोजायला घेतली तर ती सुमारे ४०,००० किलोमीटर भरते. म्हणून काटेकोर इंग्रजी लेखनात 'ऑलमोस्ट एव्हरीव्हेअर'पुढे 'विथ रिस्पेक्ट टू' असं लिहून कोणतं माप ते सांगतात. संदर्भ स्पष्ट असला की हे शेपूट गाळतात.

ही सगळी खटपट कशासाठी? मुख्य कारण इंटिग्रेशन, म्हणजे फंक्शनच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ काढणं. डिरिक्ले यांनी १८२९ मध्ये एक विचित्र फंक्शन पुढे आणलं होतं. त्याचं सोपं रूप असं: क्ष परिमेय असेल तर किंमत १, अपरिमेय असेल तर ०. आलेखाखालचं क्षेत्रफळ काढायची रीमान यांची रीत म्हणजे आडव्या अक्षाचे बारीक तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यावर फंक्शनची उंची पाहायची. इथे तुकडा कितीही बारीक करा, त्यात परिमेयही असतात आणि अपरिमेयही, त्यामुळे उंची ० म्हणायची की १, हे ठरतच नाही. रीत तिथेच थांबते.

लबेग यांनी प्रश्नच फिरवला. पॉल माँतेल यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वतःच एक दाखला दिला आहे: कोणाचं देणं द्यायचं असेल तर खिशातून हाताला येईल ते नाणं, येईल ती नोट काढत बेरीज करता येते, किंवा आधी सगळे पैसे बाहेर काढून एका किमतीचे एकत्र लावायचे आणि मग हिशेब करायचा. दुसरी रीत त्यांची. डिरिक्लेच्या फंक्शनला ती लावून पाहा. किंमत १ किती लांबीवर आहे? परिमेय संख्यांवर, म्हणजे शून्य लांबीवर. किंमत ० किती लांबीवर? पूर्ण १ लांबीवर. १ गुणिले ० अधिक ० गुणिले १, उत्तर शून्य. झालं इंटिग्रेशन.

याचा अर्थ असा की इंटिग्रेशनला शून्य मापाच्या संचावर काय चाललंय ते दिसतच नाही. दोन फंक्शनं 'ऑलमोस्ट एव्हरीव्हेअर' समान असतील तर इंटिग्रेशनच्या लेखी ती एकच. पुढच्या विश्लेषणात, क्वांटम यांत्रिकीच्या गणितातसुद्धा, अशी फंक्शनं खरोखर एकच वस्तू धरली जातात. म्हणूनच तिथे 'या फंक्शनची ३ पाशी किंमत किती' हा प्रश्न निरर्थक ठरतो. एका बिंदूवर किंमत बदलली तरी वस्तू तीच राहते.

मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. रीमानच्या जुन्या रीतीनं नेमक्या कोणत्या फंक्शनांचं इंटिग्रेशन होतं, याचं निखळ उत्तर जुन्या भाषेत सहज सांगता येत नव्हतं. लबेगच्या भाषेत ते एका ओळीत मावतं: मर्यादित किमतींचं फंक्शन रीमानच्या रीतीनं इंटिग्रेट होतं, ते 'ऑलमोस्ट एव्हरीव्हेअर' सलग (कन्टिन्युअस, म्हणजे तिथे अचानक उडी न घेणारं) असेल तेव्हाच, आणि तसं असेल तर नक्कीच होतं. नवी भाषा जुन्या घराचा नकाशाही स्वच्छ काढून देते, यापेक्षा तिची मोठी पावती कोणती?

आता वापराकडे. इंग्रजीत हा शब्द वाक्यात कुठे बसतो त्यावर अर्थ पालटतो. 'एफ इज कन्टिन्युअस ऑलमोस्ट एव्हरीव्हेअर' आणि 'एफ इज इक्वल ऑलमोस्ट एव्हरीव्हेअर टू अ कन्टिन्युअस फंक्शन' ही दोन वाक्यं वरवर एकसारखी वाटतात, पण एकातून दुसरं निघत नाही. डिरिक्लेचं फंक्शन पाहा: ते 'ऑलमोस्ट एव्हरीव्हेअर' शून्याइतकं आहे, आणि शून्य हे स्थिर फंक्शन सलग आहे, म्हणजे दुसरं वाक्य खरं. पण ते स्वतः एकाही बिंदूपाशी सलग नाही, म्हणजे पहिलं साफ खोटं. उलट, शून्याच्या डावीकडे ० आणि उजवीकडे १ अशी पायरी घ्या. ती फक्त एका बिंदूपाशी तुटते, म्हणून पहिलं वाक्य खरं. पण शून्य मापाचे बिंदू हवे तसे बदलूनही ही पायरी सलग करता येणार नाही, कारण शून्याजवळ डावीकडून येताना ० आणि उजवीकडून येताना १ हेच राहणार. दुसरं वाक्य खोटं. परीक्षेत मार्क जातात ते बहुधा इथे.

संभाव्यतेत हीच अडचण आणखी सूक्ष्म होते. आंद्रेई कोल्मोगोरोव यांनी १९३३ मध्ये संभाव्यतेचा पाया मापाच्या भाषेत घातला, तेव्हापासून 'ऑलमोस्ट शुअरली' म्हणजे संभाव्यता १. नाणं अनंत वेळा उडवलं आणि दर वेळी छापाच पडला, असं होण्याची संभाव्यता किती? दहा वेळा सलग छापा पडण्याची १०२४ त एक, वीस वेळा पडण्याची दहा लाखांत एकाहूनही थोडी कमी, आणि हे शून्याकडे जातं. म्हणजे काटा कधी ना कधी पडेल हे 'ऑलमोस्ट शुअर'. पण सगळे छापे हा क्रम यादीतून बाद झालेला नाही; नियमानुसार तोही इतर क्रमांसारखाच एक क्रम आहे. प्रत्येक विशिष्ट क्रमाची संभाव्यता शून्यच असते आणि तरी कोणता तरी एक क्रम येतोच. संभाव्यता शून्य असणं म्हणजे अशक्य असणं नव्हे, हे इथे डोळ्यांसमोर दिसतं.

आता ० ते १ मधून एक संख्या यदृच्छेनं निवडा. आधी ठरवलेली कोणतीही एक संख्या घ्या. निवडलेली संख्या तिच्याइतकी नसेल हे 'ऑलमोस्ट शुअर'. हे प्रत्येक संख्येबाबत स्वतंत्रपणे खरं आहे. मग 'निवडलेली संख्या एकाही संख्येइतकी नसेल हे ऑलमोस्ट शुअर' असं म्हणता येईल का? अर्थातच नाही, ती कोणत्या तरी संख्येइतकी असणारच. 'फॉर एव्हरी' आधी आणि 'ऑलमोस्ट शुअरली' नंतर, की उलट, यात एवढं अंतर पडतं. अटींची यादी करता येत असेल तर क्रम बदलला तरी चालतो, कारण शून्य मापाचे यादीभर संच एकत्र केले तरी माप शून्यच राहतं. निम्म्या निम्म्या पट्ट्यांची तीच युक्ती. यादी होत नसेल तर हा दरवाजा बंद.

'ऑलमोस्ट ऑल' या शब्दप्रयोगाबाबत मात्र सावध राहायला हवं, कारण तो प्रत्येक शाखेत वेगळे कपडे घालतो. बीजगणितात किंवा श्रेढींबद्दल बोलताना त्याचा अर्थ बहुधा 'मोजके, सांत अपवाद सोडून सगळे' असा असतो. संख्या-सिद्धांताच्या, म्हणजे नंबर थिअरीच्या, प्रांतात तो घनतेबद्दल बोलतो. १०० पर्यंत २५ मूळ संख्या आहेत, १००० पर्यंत १६८, दहा लाखांपर्यंत ७८,४९८, शंभर कोटींपर्यंत ५,०८,४७,५३४. टक्केवारी २५, मग १६.८, मग ७.८ च्या आसपास, मग ५ च्या आसपास, आणि अशीच शून्याकडे. म्हणून 'ऑलमोस्ट ऑल' नैसर्गिक संख्या संयुक्त आहेत असं म्हणतात, मूळ संख्या अनंत असूनही.

याच अर्थानं हार्डी आणि रामानुजन यांनी १९१७ मध्ये एक सुंदर निष्कर्ष मांडला: 'ऑलमोस्ट ऑल' संख्या 'न' घेतल्या तर त्यांचे वेगवेगळे मूळ अवयव साधारण लॉग लॉग न, म्हणजे 'न'च्या नैसर्गिक लॉगॅरिदमचा पुन्हा लॉगॅरिदम, इतके असतात. हे फंक्शन इतकं मुंगीच्या पावलानं वाढतं की ८१ अंकी संख्येसाठीही ते जेमतेम ५ च्या थोडं वर जातं. आपल्या काळातलं उदाहरण टेरेन्स ताओ यांचं. संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा, असं करत राहिलं की शेवटी १ येतोच, हा कोलात्झचा अंदाज. २०१९ मध्ये ताओ यांनी दाखवलं की अनंताकडे जाणारं कितीही संथ फंक्शन घ्या, 'ऑलमोस्ट ऑल' संख्यांचा प्रवास कधी ना कधी त्याच्या खाली उतरतो. इथे घनता मोजायची पद्धत लॉगॅरिदमिक आहे, म्हणजे प्रत्येक संख्येला १ भागिले ती संख्या एवढं वजन देऊन मोजायची. अंदाज मात्र अजून सुटलेला नाही, कारण हा निष्कर्ष कोणत्याही एका संख्येची हमी देत नाही.

अशीच मूक बाजू बोरेल यांच्या १९०९ च्या प्रमेयात आहे. ज्या संख्येच्या दशांश रूपात प्रत्येक अंक, अंकांची प्रत्येक जोडी, प्रत्येक तिकडी आपापल्या योग्य प्रमाणात येते, आणि दशमानच नव्हे तर द्विमान, त्रिमान अशा कोणत्याही पद्धतीत लिहिलं तरी हे टिकतं, ती 'नॉर्मल' संख्या. बोरेल यांचं म्हणणं, 'ऑलमोस्ट एव्हरी' संख्या नॉर्मल असते. १९३३ मध्ये चँपरनाउन यांनी नैसर्गिक संख्या एकापुढे एक लिहून ०.१२३४५६७८९१०१११२… ही संख्या बनवली आणि निदान दशमान पद्धतीत ती नॉर्मल आहे हे सिद्ध केलं. पण 'पाय', 'ई', वर्गमूळ दोन यांच्यापैकी एकही नॉर्मल आहे का, हे अजून सिद्ध झालेलं नाही.

एवढं वाचल्यावर कोणाला वाटेल, 'ऑलमोस्ट' हा शेवटी पुराव्यातला उणेपणाच आहे. कोणी हुशार निघाला तर तो शब्द खोडून 'एव्हरीव्हेअर' लिहील. कधी कधी तसं होतंही. फूरिये श्रेणींच्या, म्हणजे फंक्शनला साइन-कोसाइन लहरींच्या अनंत बेरजेत मांडणाऱ्या श्रेणींच्या, गोष्टीत मात्र तसं होऊ शकत नाही. फंक्शनची फूरिये श्रेणी त्याच्याकडे परत येते का, हा एकोणिसाव्या शतकापासूनचा प्रश्न. १९२३ मध्ये तरुण कोल्मोगोरोव यांनी इंटिग्रेट होणारं असं एक फंक्शन दाखवलं की त्याची श्रेणी 'ऑलमोस्ट एव्हरीव्हेअर' भरकटते. ज्या फंक्शनांचा वर्ग इंटिग्रेट होतो, त्यांच्याबाबत श्रेणी 'ऑलमोस्ट एव्हरीव्हेअर' जुळते, असा लुझिन यांचा अंदाज होता. तो लेनार्ट कार्लेसन यांनी १९६६ मध्ये सिद्ध केला. २००६ सालचं आबेल पारितोषिक त्यांना मिळालं तेव्हा या प्रमेयाचा आवर्जून उल्लेख झाला.

सलग फंक्शनं कार्लेसन यांच्या प्रमेयात येतातच. त्यांच्यासाठी तरी 'ऑलमोस्ट' काढता येईल का, याचं उत्तर १९६६ मध्येच काहान आणि कात्सनेलसन यांनी दिलं: शून्य मापाचा कोणताही संच घ्या, एक असं सलग फंक्शन सापडतं की त्याची फूरिये श्रेणी त्या संचातल्या प्रत्येक बिंदूपाशी भरकटते. कार्लेसन यांनी जेवढी सूट ठेवली होती, तेवढीच लागत होती.